आडवा ताण

उन्हाळ्यात भुजंगचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. दहानंतर लोखंड हातात धरवत नसे. हापशाचे पाइप दहा-दहा फुटांचे. शंभर फूट खोल हापसा म्हणजे दहा पाइप आणि त्यांच्या पोटात तेवढाच लांब रॉड. ते सगळं हातानं वर ओढायचं, तळाचं झिजलेलं चामड्याचं वायसर बदलायचं आणि पुन्हा तसंच हातानं खाली सोडायचं. थंड वेळेला या कामाला तीन तास लागत. उन्हात पाच लागत आणि तळहाताची साल निघे. म्हणून साडेतीन.

औशापासून दोन कोसांवर कवठ्याला त्याचं घर होतं. तिथून सायकलनं निघायचं. मागच्या कॅरिअरवर लाकडी पेटी. तीत दोन मोठे पाइपपाने, दोन शिकंजे, दोर, हातोडी, ग्रीसचा डबा. पेटीचं वजन पंचवीस किलो. रस्ता गाडीवाटेचा असेल तर पेटी बांधावर उतरवून, सायकल पलीकडे नेऊन, परत येऊन पेटी डोक्यावर घ्यायची. दिवसाकाठी दोन गावं व्हायची. त्याच्या जोडीला सटवाजी असे. सटवाजी अंगानं दणकट आणि तोंडानं त्याहून दणकट.

लातूर जिल्हा वेगळा झाला त्याआधी भुजंग ग्रामपंचायतींचे हापसे नगावर, म्हणजे दर हापशामागं ठरलेल्या मजुरीवर, दुरुस्त करायचा. कागद मंजूर करून घ्यायला उस्मानाबादचे खेटे घालावे लागत. जिल्हा झाला, नवी हपिसं उघडली, हापशांसाठी माणसं भरली. त्यात भुजंग लागला, सटवाजी लागला. दर महिन्याला पगार सुरू झाला. तरी भुजंगच्या डोक्यातला हिशेब जुनाच राहिला. कुठलीही वस्तू किती हापशांची, एवढंच तो बघायचा. धोतरजोडी दोन हापशांची. पत्र्याची पेटी तीन हापशांची.

नव्या जिल्ह्याचं चौथं वर्ष दुष्काळाचं निघालं. विहिरींचे तळ दिसले. तलावांच्या गाळाला माणसाचा पाय जाईल एवढ्या भेगा पडल्या. ज्या हापशावर वीस घरं होती तिथं दोनशे घरं आली आणि वायसर महिन्याला झिजू लागलं. दुष्काळ पडला की भुजंगला काम जास्त. ही गोष्ट त्यानं कधी कुणाला हसून सांगितली नाही.

वायसर तयार करायचं काम त्याच्या बायकोचं, सिंधूचं. चामडं गोल कापायचं, तेलात भिजवायचं, वाटीसारखा आकार येईपर्यंत दाबून ठेवायचं. हे तिला बसून जमायचं. उभ्यानं करायची कामं तिला फारशी जमत नसत. बहात्तरच्या दुष्काळात ती तलावाच्या कामावर होती. मुरमाची पाटी डोक्यावर असताना बांधावरून घसरली आणि कमरेवर पडली. तेव्हापासून चौदा वर्षं तिची कंबर धड नव्हती. लातूरला नवा मोठा दवाखाना झाला तसा भुजंग तिला तिथं घेऊन गेला. डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं, हादरा बसू देऊ नका.

सिंधूचं माहेर मुखेडच्या पुढं तीन कोसांवर, पांढरवाडीला. कवठ्याहून सव्वाशे किलोमीटर. लातूरला एसटी, तिथून दुसरी एसटी, मुखेडला उतरून बैलगाडी. सात वर्षांपूर्वी ती अशी गेली होती. परत आली ती दीड महिना अंथरुणाला खिळली. त्यानंतर माहेर बंद झालं. जीप करावी तर शेवटच्या तीन कोसांत ओढा होता आणि त्यातून बैलगाडी किंवा दुचाकीच पार व्हायची.

त्या वर्षी संक्रांतीनंतर तिच्या भावाचं, दगडोबाचं, पत्र आलं. आई साखराबाईला आता दिसत नाही. माणूस हातानं चाचपून ओळखते. पत्राच्या शेवटी दगडोबानं लिहिलं होतं की आई रोज विचारते, सिंधीचा हात मला कळतोय तोवर तिला आणता का.

सिंधूनं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि चामडं कापायला बसली. दुसऱ्या दिवशी भुजंगनं सटवाजीला सांगितलं, मोटारसायकल घ्यायची.

सटवाजी म्हणाला, "सायकलवर बसून बसून तुझं बूड लाकडाचं झालंय. तुला मऊ सीट मानवल का?"

"मला न्हाई. तिला पायजे."

गाडी कशी हवी हे भुजंगनं पंधरा दिवस मनात घोळवलं. पेटी वाहणारी हवी, गाडीवाटेनं चालणारी हवी, डांबरीवर दमणारी नको. आणि सगळ्यात आधी, मागं बसणाऱ्याला हादरा नको. चालवायला तो शिकला होता. सटवाजीच्या मेव्हण्याची गाडी घेऊन कोरड्या तलावाच्या पोटात दोन महिने गोल गोल फिरला होता. पडलं तरी गाळातच, कुणी बघायला नाही.

लातूरला गंजगोलाईपासून थोडं पुढं गुरुपादप्पाचं गॅरेज होतं. जुन्या गाड्या घेऊन, दुरुस्त करून विकायचा. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगावर ग्रीस लागलेली बंडी. त्याच्याकडे तेव्हा तीन गाड्या होत्या. त्यांची कंपनीची नावं तो घेत नसे. पहिली फौजदारी. मोठी, जड, फौजदार बसतो तसली. दुसरी मास्तरची. नवीन, हलकी, एका शाळामास्तरानं बदलीमुळं विकलेली. तिसरी दुधवाली. औशाकडच्या एका दूधवाल्याची. चारा संपायच्या आत त्यानं म्हशी विकल्या आणि म्हशींमागं गाडीही. तिच्या मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवायचे लोखंडी सांगाडे अजून तसेच होते.

"शरणार्थ," गुरुपादप्पा हात जोडून म्हणाला. "कुठली दाखवू?"

भुजंगनं पिशवीतून पितळेची कळशी काढली.

गॅरेजमागच्या वस्तीतला हापसा त्यानं त्याच सकाळी दुरुस्त केला होता. दुरुस्तीनंतर पहिल्या पन्नास-साठ दांड्यांना तांबडं, गंजाचं पाणी येतं. ते कुणी पीत नाही, ओतूनच द्यावं लागतं. त्या तांबड्या पाण्यानं त्यानं कळशी काठोकाठ भरली, फौजदारीच्या मागच्या सीटवर दोरानं घट्ट बांधली आणि औसा नाक्यापर्यंत जाऊन परत आला. नाक्याच्या वाटेवर खड्डे मोजून एकतीस होते. आल्यावर कळशीत बोट घालून बघितलं. पाणी दोन बोटं कमी झालेलं. कळशी पुन्हा भरली, मास्तरच्या गाडीवर बांधली. चार बोटं. दुधवालीवर सहा बोटं. राहिलेलं पाणी त्यानं रस्त्याकडेच्या लिंबाला घातलं.

वस्तीतल्या बायका हे सगळं बघत होत्या. एक म्हणाली, हा माणूस पाण्याला फिरवून आणतोय, आम्हाला कुणी फिरवत नाही.

गुरुपादप्पा मात्र हसला नाही. असं गाडी जोखताना त्यानं कुणाला पाहिलं नव्हतं. त्यानं भुजंगची सायकल ठेवून घेतली आणि फौजदारी दोन दिवस घरी नेऊन बघायला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधू डोक्यावरून पदर घेऊन मागं बसली. गावातल्या सगळ्या बायका बसायच्या तशी. दोन्ही पाय डाव्या बाजूला, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर. सटवाजी मुद्दाम बघायला आला होता. "वहिनी, मुखेडला पोचल्यावर तार करा," म्हणाला.

अर्धा कोसही झाला नाही. खांद्यावरचा हात घट्ट रुतला. भुजंगनं गाडी थांबवली. सिंधू उतरली, लिंबाखाली गेली आणि जमिनीवर आडवी झाली. ओठ पांढरे पडले होते. खड्डा एकही लागला नव्हता. भुजंगनं रस्ता मागं वळून वळून बघितला, पण सापडावं असं काहीच नव्हतं.

अर्ध्या तासानं ती उठली आणि घराकडं चालू लागली. ती चालत असताना त्याला गाडीवर बसवेना. त्यानं इंजिन बंद केलं आणि अर्धा कोस ती जड गाडी ढकलत तिच्या बाजूनं आला. अंगातला सदरा पिळून निघाला. त्या वाटेवर तो एकदाच बोलला. राहू दे, उद्या परत करून येतो. सिंधू चालत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते कमरेचं होतं की माहेरचं, हे विचारायचं त्याला धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी परत करायची होती. पण कवठ्याचा स्वतःचाच हापसा पहाटे बसला. घरासमोरच होता तो. भुजंग आणि सटवाजीनं उघडला. सिंधू ओट्यावर भिंतीला टेकून तेलातली वायसरं निवडत होती. रांगेत चाळीस घागरी. सटवाजीला घाई झाली. सातवा पाइप वर येताना त्यानं सरळ उचलायच्या ऐवजी स्वतःच्या बाजूला ओढला. आत रॉड कुरकुरला आणि वाकला.

भुजंग असल्या वेळी ओरडत नसे. आवाज उलट खाली जाई. "किती वर्सं सांगून राहिलो तुला. लोखंड वजनाला भीत न्हाई. शंभर फुटाचं वजन ते सरळ पेलतं. एका अंगाला ओढलं की पाच फुटातबी वाकतं. आडवा ताण देऊ नको."

सटवाजी खाली मान घालून वाकलेला रॉड ठोकायला लागला. तेवढ्यात ओट्यावरून सिंधू बोलली.

"आवं, मग मला काहून आडवं बसवलं?"

दोघांनी वर बघितलं.

"दोनी पाय एका अंगाला. समदं वजन डाव्या ढुंगणावर. कंबर पिळून गेली माजी. हादरा कुठं बसला तवा? एक बी न्हाई."

भुजंगच्या हातातला पाइपपाना तसाच राहिला. त्यानं कळशी बांधली होती ती सीटच्या मधोमध, उभी, सरळ. कळशीला पाय नसतात. तिला कुणी एका अंगाला बसवत नाही. डॉक्टर म्हणाला हादरा, आणि भुजंगनं पंधरा दिवस हादऱ्याचाच विचार केला. जो नियम तो रोज लोखंडाला लावत होता, तो बायकोच्या पाठीला लावायचं त्याला सुचलं नव्हतं.

हापसा सुरू करून रांग हलली तेव्हा नऊ वाजले होते. भुजंग घरात आला. सिंधू अंगणात फौजदारीजवळ उभी होती. नऊवारी लुगड्याचा कासोटा तिनं घट्ट खोचला होता. शेतात, कामावर ती याच लुगड्यात चिखल तुडवत आली होती, बांध चढत आली होती. तिनं गाडीच्या पलीकडे उजवा पाय टाकला आणि गड्यासारखी बसली. एक पाय इकडं, एक तिकडं.

"हाय ठीक?" भुजंगनं विचारलं.

"कंबर गप हाय. पण ही लई रुंद. रेड्यावर बसल्यावानी." मग म्हणाली, "बाकीच्या दोन मी बघते. हिच्यावरच मला हळूहळू लातूरला न्या."

गावातून जायचं म्हणजे पारावरून जायचं. पारावर म्हातारी माणसं बसलेली. बायका तिथून जाताना पदर पुढं ओढून, खाली बघून जात. भुजंग म्हणाला, पारापर्यंत चालत ये, पुढं बस. सिंधूनं नाही म्हटलं. चढउतर कमरेला जास्त लागते, असं कारण तिनं दिलं. ते खरंही होतं. पारावर कुणीतरी खाकरलं. पाठीमागून सटवाजीचाच आवाज आला, "वहिनी, लगाम इसरला की." लातूरपर्यंत ती चार वेळा थांबली, पण एकदाही आडवी झाली नाही.

गुरुपादप्पानं तिला बसलेलं बघितलं आणि हातातली चहाची बशी खाली ठेवली. ही स्वतः बसून बघणार, असं भुजंगनं सांगितलं. गुरुपादप्पानं मास्तरची गाडी सावलीत घेतली आणि ती हलू नये म्हणून हँडल स्वतः धरून उभा राहिला.

"बसा अक्का. निवांत बसा." मग भुजंगला म्हणाला, "वीस वर्षं गाड्या विकून राहिलो. गिऱ्हाईक इचारतंय आवाज कसा हाय, एवरेज किती. मागं बसणाऱ्याला कुणी इचारलं न्हाई बघा."

मास्तरची गाडी उंच होती. सीट चांगली, अरुंद, पण सिंधूचे पाय टेकणीपर्यंत पोचेनात, लोंबकळत राहिले. लोंबणारा पाय कंबर ओढतो, असं ती म्हणाली. मग दुधवाली. तिची सीट बुटकी आणि लांब. दोन्ही बाजूंना कॅनचे सांगाडे. सिंधूनं पाय सांगाड्याच्या खालच्या पट्टीवर ठेवले. दोन्ही पावलं सारखी टेकली. गुडघ्यांना दोन्हीकडून लोखंडाचा आधार मिळाला. ती सरळ बसली. भुजंगनं तिची पाठ एवढी सरळ बहात्तर सालानंतर बघितली नव्हती.

औसा नाक्यापर्यंत गेले आणि परत आले. एकतीस खड्डे. खांद्यावरचा हात रुतला नाही. ज्या गाडीनं कळशीतलं पाणी सगळ्यात जास्त सांडलं होतं, ती हीच. उतरल्यावर सिंधू म्हणाली, ही उडवते, पण सरळ उडवते.

गाडी ठरली. पेटीचंही कोडं सुटलं. पंचवीस किलो एका कॅरिअरवर लादण्याऐवजी साडेबारा किलो या सांगाड्यात, साडेबारा त्या. गुरुपादप्पा सांगाडे कापून काढणार होता, कारण कॅनच्या गाडीला कुणी चांगलं म्हणत नाही. भुजंगनं त्याला थांबवलं. फक्त खालच्या पट्टीच्या जागी पाय ठेवायला जाड सळई बसवून मागितली. सटवाजी म्हणाला, हपिसात भंगार पाइपाचे तुकडे पडलेत, त्यातले दोन आण, कोण विचारतंय. भुजंगनं मोंढ्याजवळच्या लोखंडाच्या दुकानातून दोन फूट सळई विकत आणली. ती एका हापशाच्या मजुरीत आली. हपिसाचा पाइप हपिसाचा.

निघायला त्यानं चैत्रातला सोमवार धरला. त्याआधी सात दिवस सिंधूला रोज थोडं थोडं बसवून नेलं. पहिल्या दिवशी अर्धा कोस, मग एक, मग औसा, मग लातूरचा नाका. कुठल्याही कामाला अंग आधी लावून घ्यावं लागतं, हे त्याला माहीत होतं. गावानं तीन दिवस बघितलं, चौथ्या दिवशी बघायचं सोडलं.

सव्वाशे किलोमीटरला नऊ थांबे घेतले. प्रत्येक थांब्याला सिंधू उतरायची, शंभर पावलं चालायची, बसायची. चाकूर गेलं, शिरूर गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं उघडी पडली होती. रोहयोच्या कामावर बायकांच्या रांगा पाट्या वाहत होत्या. त्यांच्यापाशी भुजंगनं गाडी हळू केली. सिंधू त्या बांधाकडं बघत राहिली. एका बाईनं पाटी खाली ठेवून हात हलवला. सिंधूनंही हलवला.

मुखेडला बाजार होता. गर्दीत गाडी चालण्याच्या वेगानं जात होती. केळीवाल्यापाशी उभा असलेला एक जण मोठ्यानं म्हणाला, "बाई गड्यावानी बसून राहिली बघा."

सिंधूनं मान वळवली. "कंबर माजी हाय, भाऊ. गड्याची न्हाई."

केळीवालाच हसला. त्या माणसानं रस्ता दिला.

पुढचे तीन कोस गाडीवाट. भुजंगनं पहिल्या गियरवर गाडी काढली. ओढा कोरडा होता, पण वाळू होती. तिथं त्यानं सिंधूला उतरवलं, गाडी एकट्यानं पलीकडे ढकलली, मागं येऊन तिचा हात धरून तिला आणलं. वर चढून ती पुन्हा बसली. पांढरवाडीची वेस दिसली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. ती वेशीत उतरली नाही. घराच्या दारापर्यंत तशीच गेली.

दगडोबा बाहेर आला आणि ओरडून आत सांगायला लागला. सिंधूनं त्याला हातानं गप केलं. साखराबाई ओसरीवर बाजेवर बसली होती. सिंधू पायऱ्या चढली, तीनच होत्या, आणि आईच्या हातात आपला हात दिला. म्हातारीनं बोटं चाचपली. अंगठ्यावर चामडं कापून कापून पडलेला घट्टा होता, तो तिच्या ओळखीचा नव्हता. तिथं ती थांबली. मग मनगट, मग कोपराजवळचा लहानपणच्या भाजल्याचा वण. तिथं तिची बोटं उभी राहिली.

"सिंधे," ती म्हणाली. "पाठीवर आणलं का खांद्यावर?"

"बसून आले, आई. सरळ बसून."

म्हातारीचा विश्वास बसेना. तिला धरून अंगणात आणावं लागलं. तिनं गाडी चाचपली. सीट, गरम इंजिन, दोन्ही बाजूंचे सांगाडे, खालची नवी सळई. सळईवर हात फिरवून तिनं विचारलं, हे काय. सिंधूनं आईचा हात धरून आपल्या पावलावर ठेवला आणि मग सळईवर ठेवला. म्हातारीला कळलं.

"काय पडलं ह्याला, जावईबापू?"

"तीनशे हापसे," भुजंग म्हणाला.

दगडोबा गोंधळला. साखराबाई नाही गोंधळली. तिच्या आयुष्यात पाणी ओढण्याचं मोल तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"समद्यांना पाणी लागलं का?"

"न्हाई. अकरा कोरडे निघाले. बाकी समदे चालून राहिले."

म्हातारीनं मान हलवली. मग ती मुलीचा हात धरून बाजेकडं वळली. भुजंगनं गाडी सावलीत लावली आणि सांगाड्यातून पिशव्या सोडवायला घेतल्या. ओसरीवर मायलेकी बोलायला लागल्या होत्या. सिंधू आईजवळ जमिनीवर पाय सरळ पसरून बसली होती. ती महिनाभर राहणार होती. तीनशे हापशांच्या मजुरीतून आला तो हा महिना, आणि महिन्याच्या शेवटी दोन्ही पाय सारखे टेकवून घरी परतायची वाट.